जागा कमी होतात, रुळांचे नट तेवढेच राहतात

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त पी-वे (पर्मनंट वे, म्हणजे रेल्वेमार्ग) इन्स्पेक्टरची उत्तरं

प्रश्न : माझा भाचा उत्तर इंग्लंडमध्ये रेल्वेमार्गाची देखभाल आणि नूतनीकरण करणाऱ्या एका खासगी कंपनीत आहे. इथून इंजिनिअर होऊन गेला, आता तिथे रात्रीच्या कामांचं नियोजन बघतो. कंपनीकडे येणारं काम घटलं म्हणून जागा कमी करण्याची नोटीस लागली आहे. युनियननं विरोध जाहीर केलाय आणि संपासाठी मतदान घेणार आहेत. आमच्या घरात दोन तट पडलेत. माझे मोठे बंधू म्हणतात, युनियनवाले यंत्रांना विरोध करणारच, पोरानं त्यात पडू नये. बहिणीला वाटतं, सगळे उभे राहिले असताना आपण मागे राहणं बरं नाही. तुम्ही जन्मभर रुळांवर काम केलंत. युनियनचं म्हणणं खरं मानायचं का? आणि भाच्यानं काय करावं?
— एक मावशी

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण त्याला मुदत आहे.

ब्रिटनमध्ये एकाच ठिकाणच्या २० किंवा त्याहून जास्त जागा ९० दिवसांच्या आत कमी करायच्या असतील, तर कंपनीला कामगारांच्या प्रतिनिधींशी आधी बोलणी करावीच लागतात. जागा २० ते ९९ असतील तर पहिली नोकरी जाण्याच्या किमान ३० दिवस आधी, १०० किंवा जास्त असतील तर ४५ दिवस आधी. २०१३ पर्यंत ही दुसरी मुदत ९० दिवसांची होती, ती निम्म्यावर आणली. कपात टाळता येईल का, कमी करता येईल का, तिची झळ कशी कमी होईल, हे बोलण्यांचे विषय कायद्यानंच ठरवून दिलेत. कपातीचं कारण काय, किती आणि कुठल्या प्रकारच्या जागा जाणार, माणसं कुठल्या निकषांवर निवडणार, हे कंपनीला लेखी द्यावं लागतं. भाच्यानं युनियनच्या प्रतिनिधीकडून तो कागद मागून घ्यावा आणि निकषांचा भाग नीट वाचावा. आपल्याबद्दलची एखादी नोंद चुकीची असेल तर ती आत्ता दुरुस्त करून घेता येते. नावं ठरल्यावर फार उशीर होतो.

दुसरं, त्याच्या कंपनीचं काम दुसऱ्या कंपनीकडे जाणार आहे का, हे त्यानं विचारावं. काम जसंच्या तसं दुसरीकडे जात असेल तर ते करणारी माणसंही जुन्या पगारासकट, जुन्या अटींसकट त्या कामाबरोबर जातात, असा तिथला कायदा आहे. १९८१ पासून आहे, २००६ मध्ये नवी नियमावली आली. रेल्वेच्या कंत्राटांत पुष्कळ भांडणं नेमकी इथेच होतात. कंपनी म्हणते काम संपलं, युनियन म्हणते काम संपलेलं नाही, फक्त हात बदललेत. भाचा नियोजनात आहे. कुठल्या पट्ट्यातलं कुठलं काम रद्द झालंय, कुठलं पुढे ढकललंय आणि कुठलं दुसऱ्याकडे गेलंय, हे त्याला इतरांपेक्षा चांगलं माहीत असणार. कंपनीची गुपितं फोडायला मी सांगत नाही. पण बोलण्यांत प्रश्न कुठले विचारायचे, हे तो प्रतिनिधीला नक्की सांगू शकतो.

नोकरीला दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर कायद्यानं भरपाई मिळते. २२ ते ४० या वयातल्या नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे एका आठवड्याचा पगार, ४१ पासून पुढच्या वर्षांना दीड आठवड्याचा, आणि आठवड्याच्या पगाराला सरकारनं ठरवलेली कमाल मर्यादा. रक्कम मोठी नसते. कंपनीचा करार याहून बरा असू शकतो, तोही वाचावा. तो कामाच्या व्हिसावर असेल तर नोकरी सुटल्यावर नवा मालक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. म्हणून रुळांवर जाण्याचं सुरक्षा-प्रशिक्षणाचं कार्ड आणि बाकीची प्रमाणपत्रं यांची मुदत संपू देऊ नये. नवा कंत्राटदार पहिल्यांदा तेच विचारतो.

संपाचं मतदान गुप्त असतं. कुणी कुठे खूण केली हे कंपनीला कळत नाही. रीतसर मतदान होऊन पुकारलेल्या संपात सामील होणाऱ्याला कायद्याचं संरक्षण असतं, मात्र त्या दिवसांचा पगार जातो. त्यानं मत द्यावं. काय द्यावं हे त्याचं त्यानं ठरवावं, पण मत न देता बसू नये. २०१६ च्या कायद्यानं तिथे निम्म्या सभासदांच्या मतदानाची अट घातली, आणि रेल्वेसारख्या सेवांसाठी एकूण सभासदांपैकी ४० टक्क्यांनी संपाच्या बाजूनं मत द्यायला हवं अशी आणखी एक जोडली होती; ही दुसरी अट २०२५ च्या कायद्यानं काढून टाकली. अशा हिशेबात घरी बसलेला माणूसही निकाल फिरवतो.

आता तुमचा पहिला प्रश्न.

युनियनचं म्हणणं खरं का खोटं, हे किती माणसं काढली यावरून ठरत नाही. काढलेल्या माणसांची कामं कुठे गेली, त्यावरून ठरतं. रूळ-देखभाल म्हणजे कामांची एक लांबलचक यादी असते. या पट्ट्यात इतक्या दिवसांनी पायी तपासणी, या सांध्याचे (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागेचे) नट इतक्या आठवड्यांनी, इथली खडी ठासणं, इथली मोरी पावसाआधी साफ करणं. जागा कमी करणाऱ्यानं ती यादी टेबलावर ठेवावी आणि एकेका ओळीपुढे लिहावं की हे आता कोण करणार, किती वेळानं करणार, आणि नाही झालं तर कुणाला कळणार. हे लिहून देता येत असेल तर कपातीवर बोलता येईल. लिहून देता येत नसेल तर युनियन विरोध करते ते बरोबरच करते.

असं मी ठामपणे म्हणतो, त्याला ब्रिटनचाच अनुभव कारण आहे.

१९९३ च्या कायद्यानं ब्रिटिश रेल मोडायचं ठरलं. १९९४ मध्ये रूळ, सिग्नल आणि स्थानकं रेलट्रॅक नावाच्या कंपनीकडे गेली, आणि १९९६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. पण रुळांना हात लावणारी माणसं रेलट्रॅकची नव्हती. त्यांच्या वेगळ्या कंपन्या केल्या. सात देखभालीच्या, सहा नूतनीकरणाच्या, आणि त्या विकून टाकल्या. रूळ एकाचा, तो तपासणारा दुसऱ्याचा, बदलणारा तिसऱ्याचा, आणि रात्री त्याच्या हाताखाली येणारी माणसं चौथ्याची. या प्रत्येक जोडावर कागद आला आणि प्रत्येक कागदामागे पैशाचा वाद आला.

१७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्डजवळच्या वळणावर लंडनहून लीड्सला निघालेली गाडी ताशी ११५ मैलांनी आली आणि तिच्याखाली रूळ फुटला. तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार माणसं गेली. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा छोट्या नाण्याएवढी असते आणि सगळं वजन तेवढ्यावर. वळणावर हा भार रुळाच्या माथ्याच्या आतल्या कडेवर येतो. तिथे केसासारख्या बारीक भेगा पडतात. वेळेवर माथा घासून काढला तर त्या जातात. नाही काढला तर आत शिरतात, खाली वळतात, आणि वरून ठीकठाक दिसणारा रूळ आतून सुटत जातो. हा दोष तिथे आधीपासून माहीत होता, नोंदलेला होता. बदलायचा नवा रूळ त्या जागी आणूनही ठेवला होता. अपघात झाला तेव्हा तो बरेच महिने बाजूला पडून होता. बदलायला लागणारा ब्लॉक आणि गँग यांची गाठ पडली नाही, आणि तोवर गाड्यांचा वेगही कुणी कमी केला नाही. ताई, मी पी-वेचा माणूस आहे. बाजूला नवा रूळ पडलेला असताना जुना फुटतो, हे वाचून त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

त्यानंतर देशभर १,२०० हून जास्त ठिकाणी वेग उतरवावा लागला, कारण कुठला रूळ कसा आहे हे खात्रीनं सांगणारं कुणी उरलं नव्हतं. वर्षभरात रेलट्रॅकचं दिवाळं निघालं.

मग १० मे २००२, पॉटर्स बार. इथली गोष्ट सांध्याची आहे. सांध्याचे दोन हलणारे रूळ एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर राहावेत म्हणून त्यांना आडव्या सळ्या जोडतात, आणि त्या सळ्या नटांनी धरून ठेवतात. नटाच्या मागे दुसरा नट घट्ट बसवायचा, म्हणजे गाड्यांच्या थरथरीनं पहिला सुटत नाही. हे पाना घेऊन, वाकून, हातानं करायचं काम आहे. पॉटर्स बारच्या २१८२ए क्रमांकाच्या सांध्यावर नट सुटलेले होते. किंग्ज लिनला जाणारी गाडी ताशी ९७ मैलांच्या आसपास वेगानं आली. पुढचे डबे पार झाले आणि शेवटच्या डब्याखाली सांधा हलला. डबा उडून स्थानकाच्या छपराखाली आडवा अडकला. सात माणसं गेली, त्यातली एक पुलाखालून चालत होती. देखभाल करणाऱ्या जार्विस कंपनीनं घातपाताची शक्यता पुढे केली. चौकशीत घातपाताचा पुरावा मिळाला नाही, वाईट देखभालीचा मिळाला. आसपासच्या आणखी सांध्यांवर नट सैल सापडले.

आदल्या संध्याकाळी तिथून प्रवास करणाऱ्या एका रेल्वे कर्मचाऱ्यानं गाडी तिथे भयंकर हादरते म्हणून कळवलं होतं. निरोप नीट पोचला नाही, पथक चुकीच्या जागी बघून परत गेलं. तोच पट्टा रोज चालणारी गँग असती, तर "तिथे हादरते" एवढ्यावर ती नेमक्या सांध्याशी जाऊन उभी राहिली असती असं मला मनापासून वाटतं.

हे मी कशाच्या जोरावर म्हणतो? माझ्या हाताखाली एक चावीवाला होता. खांद्यावर हातोडी, पिशवीत जास्तीच्या चाव्या (रूळ जागच्या जागी धरणाऱ्या पाचरी), रोजचं ठरलेलं बीट. चावीवर हातोडी पडली की आवाजावरून त्याला कळायचं, ही बसलीय आणि ही बसल्यासारखी दिसतेय. एका मोरीजवळच्या जोडाखाली पाऊस लागला की खडीतून चिखल वर यायचा. तो तिथे आठवडाभर आधीच येऊन सांगायचा, साहेब, यंदा लवकर येणार. कुठल्याही रजिस्टरात ते नव्हतं. मग शेजारचा माणूस निवृत्त झाला, जागा भरली नाही, आणि त्याचं बीट वाढवलं. कागदावर काहीच कमी झालं नाही. दोन्ही बीटांची तपासणी झाल्याच्या सह्या रोज येत होत्या. पण लांब चालायचं म्हणून त्याचं थांबणं गेलं, वाकणं गेलं. चाव्या दिसत होत्या, हातोडी पडत नव्हती. मी वर लिहिलं, पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, तपासणी शंभर टक्के होत आहे. देखभालीतली कपात अशी दिसते. गाडी त्या दिवशीही वेळेवर येते, पुढच्या महिन्यातही येते. बचत या वर्षाच्या ताळेबंदात पडते आणि सैल झालेला नट तीन वर्षांनी दुसऱ्याच कुणाच्या कारकिर्दीत निघतो.

ब्रिटननं पॉटर्स बारनंतर धडा घेतला. २००३ मध्ये जार्विसनं देखभालीच्या कंत्राटांतून अंग काढून घेतलं. रेलट्रॅकच्या जागी आलेल्या नेटवर्क रेलनं सगळी देखभाल स्वतःकडे घ्यायचं ठरवलं आणि पंधरा हजारांहून अधिक कामगार परत एका छत्राखाली आले. युनियननं ही मागणी सुरुवातीपासून लावून धरली होती, तेव्हा तिला जुनाट म्हणत होते.

नूतनीकरण मात्र कंत्राटदारांकडेच राहिलं, आणि तुमच्या भाच्याचं दुखणं तिथलं आहे. रेल्वेला पैसे पाच-पाच वर्षांच्या आराखड्यानं मिळतात. आताचा १ एप्रिल २०२४ ला सुरू झाला. एक आराखडा संपून दुसरा सुरू होतो त्या काळात कामं रेंगाळतात, पुढे ढकलली जातात. कंत्राटदार माणसं कमी करतो. दोन वर्षांनी काम अंगावर येतं तेव्हा एजन्सीकडून रात्रीपुरती माणसं आणतो. जार्विसचं पुढे हेच झालं. २००९ मध्ये नूतनीकरणाची कामं पुढे गेली, कंपनीनं शेकडो जागा कमी करायला घेतल्या, आरएमटी युनियन रस्त्यावर उतरली. मार्च २०१० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजाराहून अधिक कामगारांच्या नोकऱ्या एका फटक्यात गेल्या. रूळ बदलायची गरज काही संपली नव्हती. कामाचा हा चढउतार बंद करा, असं आता तिथल्या रेल्वे पुरवठादार कंपन्यांची संघटनासुद्धा म्हणते. म्हणजे या एका मुद्द्यावर मालक आणि युनियन एकाच बाजूला आहेत. भाच्याच्या युनियननं बोलण्यांत हाच मुद्दा पुढे ठेवावा. पुढे ढकललेली कामं किती आहेत, ती कधी येणार आहेत, आणि तोवर या माणसांना दुसरं काय काम देता येईल?

पोटकंत्राटांच्या उतरंडीत कामगारांवर काय बेततं तेही सांगायला हवं. १५ फेब्रुवारी २००४ च्या पहाटे टेबे गावाजवळ रुळांनी भरलेली एक ट्रॉली उतारावरून सुटली आणि काही मैल खाली अंधारात काम करणाऱ्या चार कामगारांना तिनं चिरडलं. ट्रॉलीचे ब्रेक मुद्दाम निकामी करून ठेवले होते, कारण दुरुस्तीला पैसे लागले असते. मालकाला शिक्षा झाली. पोटकंत्राटांची उतरंड जितकी लांब, तितका ब्रेक बघणारा माणूस दूर जातो.

युनियन सगळीकडे बरोबर असते असं मात्र मी म्हणणार नाही. तुमच्या बंधूंचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. २३ फेब्रुवारी २००७ ला ग्रेरिग इथे पुन्हा सांध्याच्या सळ्यांमुळेच गाडी घसरली, एक वृद्ध बाई गेली. तेव्हा देखभाल नेटवर्क रेलच्या स्वतःच्या माणसांकडे होती. ठरलेली एक तपासणी अर्धवट राहिली आणि ती राहिल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे माणूस आपला असला तरी यादी पूर्ण झाली का हे बघावंच लागतं. आणि ३ जुलै २०१९ ला वेल्समध्ये मार्गम इथे चालू मार्गावर काम करणारे दोन कामगार गाडीखाली गेले. त्यानंतर गाड्या चालू असताना नुसत्या शिटीवाल्याच्या भरवशावर रुळात उतरणं त्यांनी फार कमी केलं. ते योग्यच केलं. रुळावरची पावलं कमी करणारं यंत्र आलं तर माझ्यासारख्यानं त्याचं स्वागतच करायला हवं.

२०२२ च्या वादात हे दोन्ही धागे एकत्र आले होते. नेटवर्क रेलला देखभालीतल्या सुमारे १,८५० जागा कमी करायच्या होत्या. यंत्रं आणि आकडेवारी वापरून नको ती कामं बंद करू, असं तिचं म्हणणं. ठरलेली निम्मी कामं बंद होतील, असं आरएमटीचं. मतदानात ७१ टक्के सभासद उतरले, त्यातले ८९ टक्के संपाच्या बाजूनं. जूनपासून संप झाले. मार्च २०२३ मध्ये नेटवर्क रेलच्या कामगारांनी ७६ टक्के मतांनी तडजोड स्वीकारली. पगारवाढ मिळाली, जानेवारी २०२५ पर्यंत कुणाला सक्तीनं काढणार नाही अशी हमी मिळाली, आणि देखभालीच्या नव्या पद्धतीही आल्या. दोघांनाही पूर्ण हवं ते मिळालं नाही. पण संपाआधी जे कुणी द्यायला तयार नव्हतं ते मिळालं, हे बंधूंना जरूर सांगा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ब्रिटनमध्ये पिवळ्या रंगाची एक गाडी ताशी १२५ मैल वेगानं धावता धावता रुळांचं मोजमाप घेते असं वाचलं. मग रुळांवरून माणसं चालवायची कशासाठी?

उत्तर : ती गाडी २००३ पासून धावते आणि फार गुणाची आहे. दोन रुळांतलं अंतर, त्यांची उंचसखलता, वळणाचा कल हे ती माणसापेक्षा चांगलं मोजते. वेगळ्या गाड्या ध्वनिलहरींनी रुळाच्या आतल्या भेगा शोधतात, त्या तर डोळ्याला दिसतच नाहीत. तू पुढे यात काम करणार असशील तर हे मन लावून शिक.

मात्र ही गाडी दोष शोधते, काढत नाही. सापडलेल्या प्रत्येक दोषामागे कुणीतरी रात्री जायचं असतं, बरोबर जागा शोधायची असते, काम करायचं असतं. यंत्र चांगलं झालं की दोष आधीपेक्षा जास्त सापडतात, म्हणजे काही वर्षं तरी हातांची गरज वाढते. त्याच वेळी हात कमी केले तर नुसती यादी वाढत जाते. हॅटफील्डचा दोषही सापडलेला होताच.

आणि काही गोष्टी मोजमापात बसत नाहीत. कुंपण कुठे तुटलंय, मोरीच्या तोंडाशी काय अडकलंय, उताराची माती कुठे ओली दिसतेय. १२ ऑगस्ट २०२० ला स्कॉटलंडमध्ये कारमाँटला मुसळधार पावसानंतर चरातली खडी वाहून रुळांवर आली, गाडी घसरली आणि तीन माणसं गेली. तो चर मूळ आराखड्याप्रमाणे बांधलेलाच नव्हता. बांधणारी कॅरिलियन कंपनी २०१८ मध्येच बुडाली होती, आणि चर ताब्यात घेतल्यावर त्याची तपासणी नीट झालेली नव्हती. रुळाचं मोजमाप कितीही अचूक असलं तरी शेजारचा चर बघायला कुणीतरी चढून जावं लागतं.

प्रश्न : मी पाच वर्षं लंडनमध्ये होतो. दर संपाला आमचेच हाल. कामगारांच्या आणि कंपनीच्या भांडणात प्रवाशानं काय घोडं मारलंय?

उत्तर : तुमचा राग मला समजतो. २१ जून २०२२ च्या संपात जेमतेम पाचवा हिस्सा गाड्या धावल्या, त्याही दिवसाउजेडी.

पण एक लक्षात घ्या. त्या दिवशी गाड्या बंद पाडल्या त्या मुख्यतः सिग्नल केबिनमधल्या माणसांनी. देखभालीचा कामगार एकटा संपावर गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला कळतसुद्धा नाही. तुमची गाडी येते, त्याच्या नसण्याचा परिणाम दिसायला महिने लागतात. त्यामुळे एकट्यानं संप करून त्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही, म्हणून तो सिग्नलवाल्यांबरोबर एकाच युनियनमध्ये असतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत २००७ ला मात्र वेगळं झालं होतं. देखभाल करणारी मेट्रोनेट कंपनी जुलैत बुडाली. सप्टेंबरमध्ये तिच्या कामगारांनी नोकऱ्यांची, बदल्यांची आणि पेन्शनची हमी मागत संप केला आणि बहुतेक मार्ग बंद पडले. तुम्ही तेव्हा तिथे असाल तर फलाटावर ताटकळला असाल. पुढच्या वर्षी ते काम सरकारी वाहतूक संस्थेकडे आलं.

पुढच्या वेळी संपाची बातमी आली की पगाराच्या टक्केवारीखालचा मजकूरही वाचा. कुठल्या तपासण्या कमी होणार आहेत, किती दिवसांच्या किती आठवड्यांवर जाणार आहेत, ते तिथे बहुधा असतं. ते नसेल तर दोन्ही बाजूंना विचारा. तुमच्या भागाच्या खासदाराला पत्र लिहूनही विचारता येतं. गाडीत तुम्ही बसणार आहात, हा प्रश्न विचारायचा पहिला हक्क तुमचाच आहे.